आक्षेप नसलेला माणूस

मी पेंटर आहे. चित्रकार नव्हे, पेंटर. हा फरक मला कधी कुणाला समजावून सांगावा लागला नाही. माझ्या पायजम्याकडे पाहिलं की तो लोकांना आपोआप कळायचा. फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, शाळेच्या फाटकावरची सुवचनं, ट्रकच्या मागचे शेर, सगळं केलं. उज्जैनच्या कितीतरी भिंतींवर माझी अक्षरं अजून आहेत आणि त्यातल्या एकाही अक्षरावर आजवर कुणी आक्षेप घेतलेला नाही. पूर्वी हे मी अभिमानाने सांगायचो. माझ्या आतेभावावर आक्षेप घेतला गेल्यापासून सांगत नाही.

आधी धंद्याबद्दल थोडं. फ्लेक्स आल्यावर जन्मलेल्यांना हे माहीत नसणार. पाटी लिहायची म्हणजे आधी खडूच्या सुतळीने दोन रेषा झटकायच्या, वरची आणि खालची. मग अक्षरांची अंगं काढायची, वेलांट्या-मात्रा शेवटी, आणि सगळ्यात शेवटी शिरोरेषा. शिरोरेषा एका दमात ओढायची. मधे श्वास घेतला तर रेषेला पोक येतो आणि तो पोक रस्त्यावरच्या गाढवालासुद्धा दिसतो. त्या वेळी माझी जीभ बाहेर येते म्हणे. मला हे माहीत नव्हतं. माझी बायको सुनंदा म्हणते, सगळ्या उज्जैनला माहीत होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक मिठाईवाला दर दिवाळीला पाटी नवी करून घ्यायचा आणि दर वेळी सांगायचा, ‘शुद्ध’ थोड़ा और बड़ा करो. करता करता ‘शुद्ध’ एवढं वाढलं की दुकानाचं नाव गटाराच्या बाजूला, खाली कोपऱ्यात गेलं. लोक त्याला शुद्धवाले म्हणू लागले. बाप-आजोबांचं नाव गेलं म्हणून तो माझ्यावरच रुसला.

पण माझं पोट चाललं ते स्वागताच्या भिंतींवर. कुणी मोठा माणूस शहरात यायचा असला की रस्त्याकडेच्या भिंतीवर ‘हार्दिक स्वागत’ आणि खाली त्याचं नाव. ह्यात मी स्वतः एक पद्धत काढली होती. ‘हार्दिक स्वागत’ ऑइल पेंटने लिहायचं आणि नाव डिस्टेंपरने. पाहुणा गेला की ओलं फडकं मारून नाव पुसायचं, नवं लिहायचं. स्वागत तेच. सगळ्या पक्षांचे लोक ह्या पद्धतीवर खूश होते. माझ्या एका भिंतीने किती जणांचं स्वागत केलं ते त्या भिंतीलाच माहीत.

आता बाळू.

बाळू माझा आतेभाऊ, माझ्याहून धाकटा. आमचे दोघांचे वडील रेल्वेच्या नोकरीत महाराष्ट्रातून इकडे आले आणि इकडचेच झाले. अक्षर आम्ही एकाच मास्टरजींकडे शिकलो. बाळूचं अक्षर वाईट होतं. हे मी मत्सराने म्हणत नाही, मास्टरजीही म्हणायचे. त्याच्या ‘स’ची गाठ नेहमी ढिली, पायजम्याची नाडी सुटल्यासारखी. शेवटी मास्टरजींनीच त्याला भैरवगढ़ला एका कापडछपाईच्या कारखान्यात लावून दिलं. तिथे तो बाटिकचं काम शिकला. बाटिक म्हणजे कपड्यावर वितळलेल्या मेणाने चित्र काढायचं आणि कपडा रंगात बुडवायचा. जिथे मेण, तिथे रंग लागत नाही. मग गरम पाण्यात मेण काढून टाकायचं. जे झाकलं ते उरतं, जे उघडं ठेवलं ते रंगून जातं. मला हे काम उलट्या खोपडीचं वाटायचं. बाळूला बरोबर जमलं.

एका सरकारी कार्यालयाने नवं सभागृह बांधलं. मंचामागच्या भिंतीला मोठा बाटिकचा पडदा लावायचा ठरला, विषय ‘नगर की विकास यात्रा’. काम कारखान्यातून बाळूकडे आलं. तो अख्खा हिवाळा त्या पडद्यावर होता. चादरी, दुपट्टे दुसऱ्यांच्या नावाने विकले जातात, हे एकच काम त्याचं म्हणून होणार होतं. त्याच सभागृहाबाहेर पदाधिकाऱ्यांच्या नावांची पाटी मी लिहिली. माझी पाटी सगळे जाता-येता वाचायचे. आत बाळूने काय केलंय ते पाहायला मी गेलो नाही. वेळ नव्हता, असं मी घरी सांगितलं होतं.

बाळूने काढली होती वरात. घोडीवर नवरदेवाच्या जागी एक रिकामी खुर्ची, तिला सेहरा बांधलेला, वर छत्र. पुढे कोट घातलेले लोक नाचताहेत, काही तर आडवे पडून नाचताहेत. बँडवाले गाल फुगवून वाजवताहेत. आणि रस्त्याच्या कडेने कोरड्या नळाखाली बादल्या धरून उभी असलेली माणसं, बायका, पोरं. नळातून थेंब नाही, पण वरातीवर गुलाबपाणी शिंपडलं जातंय.

तुम्ही विचाराल, हे भिंतीवर लागलंच कसं. पडदा घडी घालून आला, कागदावर ‘विकास यात्रा’ लिहिलेलं होतं. उघडला तेव्हा लोकांनी घोडी पाहिली, बँड पाहिला, निळा रंग पाहिला आणि म्हटलं, वा, लोकजीवन. लावून टाका. मग पदाधिकारी मंचावर बसायला लागले, पडद्याकडे पाठ करून. ते यायचेही मंचाच्या बाजूच्या दारातून, जायचेही त्याच दारातून. पडदा दिसायचा फक्त समोर खुर्च्यांवर तक्रारी घेऊन बसलेल्या लोकांना. जनसुनवाईला लोक पाण्याची तक्रार घेऊन यायचे, नंबर येईपर्यंत समोर बघत बसायचे आणि हसायचे. किती महिने असंच चाललं. मंचावरच्या साहेबांना वाटायचं, आपल्या सभागृहात वातावरण फार चांगलं आहे. तिथला चपराशी मांगीलाल मला म्हणाला होता, “पेंटर साब, ऐसी हँसती हुई जनता मैंने कहीं नहीं देखी.”

एकदा भोपाळहून एक बडे साहेब आले. भाषणात त्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, म्हणाले, मैं तो जनता के बीच बैठूँगा. खाली उतरले, तिसऱ्या रांगेत जाऊन बसले, फोटोवाले धावले. साहेबांनी सहज वर पाहिलं. मांगीलाल शपथेवर सांगतो की ते आधी हसले. मग आपल्याला हसताना कुणी पाहिलं का ते पाहिलं. मग त्यांचं हसू गेलं.

त्याच दुपारी पडद्यावर तंबूवाल्याकडची हिरवी कनात टाकली गेली. बाळूला बोलावणं आलं. माफी माग म्हणाले. बाळू शांतपणे म्हणाला, “माँग लेता हूँ साहब, कौन सी कुर्सी से माँगूँ?”

इथून पुढे आमच्या घरात माझं जगणं कठीण झालं. वर्तमानपत्रात पडद्याचा फोटो आला. सुनंदाने तो कापून फ्रीजवर लावला. मी रोज सकाळी दूध काढायला गेलो की समोर बाळूची खुर्ची. कधी न बोलणारे पुण्याचे नातेवाईक फोन करून विचारायचे, तो बाटिकवाला तुमचाच ना. मी म्हणायचो, हो, आतेभाऊ, अक्षर जरा कच्चं आहे त्याचं. इंदूरहून कॉलेजची मुलं त्याला भेटायला आली. मला त्यांनी रस्ता विचारला. मी सांगितला, तोही बरोबर सांगितला, ह्याचं श्रेय मला मिळायला हवं.

“तुमची एवढी चिडचिड कशाला?” सुनंदा म्हणाली. “त्याची रोजी गेली आहे.”

ते खरं होतं. कारखान्याच्या मालकाने हात जोडून त्याला सांगितलं होतं, थोड़े दिन घर बैठो बालू भाई. सरकारी दुकानांकडून येणारी कामं बंद झाली. मी हे सगळं पाहत होतो आणि तरी मला वाटायचं, निदान कुणीतरी त्याचं काम नीट पाहिलं. माझ्या पाट्या तीस वर्षं लोकांनी वाचल्या, पाहिली एकानेही नाही.

मग मीही एक प्रयत्न केला. आमच्या माधव नगरच्या रस्त्यावर रस्ता कमी आणि खड्डे जास्त. मी माझ्या खर्चाने कोपऱ्यावरच्या भिंतीवर ठसठशीत लिहिलं: ‘सावधान, आगे सड़क है’. आणि नोटीस यायची वाट पाहत बसलो. माणूस आला. म्हणाला, साहेबांना तुमचं सड़क सुरक्षेचं वाक्य फार आवडलं, शहरात आणखी चार ठिकाणी लिहून द्या. मी ती चारही लिहून दिली.  सुनंदा जेवताना मधूनमधून पदर तोंडाला लावत होती.

बाळू त्या दिवसांत एकदाच घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, “विनूदादा, मला काही नको. त्यांनी पडदा कोंडून ठेवू दे, विकू दे, गोदामात टाकू दे. फक्त त्यावर रंग नको लावायला. मेणाचं काम एकदा होतं. वरून रंग मारला की खालचं पुन्हा कुणाच्या बापालाही काढता येत नाही.”

“कोण मारणार आहे रंग?” मी म्हटलं.

आठवडा झाला नाही तोच मांगीलाल दुकानावर आला. साहेबांनी बोलावलंय, ब्रश घेऊन या.

साहेब म्हणजे तिथले मधले अधिकारी, स्वभावाने वाईट नव्हते, फक्त घाबरलेले होते. त्यांची अडचण त्यांनी मला समजावून सांगितली. पडदा हस्तशिल्पाच्या योजनेतून घेतलेला. तपासणीला लोक आले की तो भिंतीवर दिसला पाहिजे. पण दिसला तर ‘आपत्ति’, म्हणजे आक्षेप. म्हणून तो दिसायला हवा आणि त्यात काही दिसायला नको. असं काम शहरात कोण करून देईल विचारल्यावर सगळ्यांनी माझंच नाव सांगितलं होतं.

मांगीलालने कनात ओढली. मी पहिल्यांदाच तो पडदा समोरून पाहिला. फोटोत काहीच आलं नव्हतं. मेणाला पडलेल्या भेगांतून निळा रंग आत शिरला होता आणि सगळ्या वरातीवर जाळीसारखा पसरला होता, जणू नाचणाऱ्यांच्या अंगात भेगा पडल्या आहेत आणि त्यांना पत्ता नाही. मी उभा होतो तो खुर्चीवर बसलो.  

“देखो,” साहेब म्हणाले, “कुर्सी की जगह कलश बना दो. नाचने वालों पर पेड़-पौधे. नल वाले लोग सब हटाओ. घोड़ी चल जाएगी. बस ये कोने वाला रहने दो, ये ठीक है.”

“कौन सा कोने वाला?”

“वो सीढ़ी वाला. बेचारा स्वागत लिख रहा है. इसमें कोई आपत्ति नहीं.”

उजव्या कोपऱ्यात एक शिडी होती. शिडीवर एक टकला माणूस, कानावर ब्रश, पायजम्याचा एकच पाय दुमडलेला. शिडीत अडकतो म्हणून मी उजवा पाय दुमडतो, अख्ख्या फ्रीगंजमध्ये असा दुमडणारा मी एकटा. वरातीकडे पाठ करून तो भिंतीवर ‘सुस्वागतम्’ची शिरोरेषा ओढत होता आणि त्याची जीभ बाहेर आली होती. ‘स’ची गाठ ढिली होती.

आधी राग आला की बाळूने मला न विचारता वरातीत घातलं. तो राग फार टिकला नाही, कारण त्यामागून दुसरा आला, तो मोठा होता. एवढ्या मोठ्या चित्रात, जिथे घोडीसुद्धा जेमतेम पास झाली, तिथे साहेबांना बिलकूल चालणारा माणूस एकच निघाला, आणि तो मी.

“साहब,” मी म्हटलं, “इसको ज़रा गौर से देखिए.”

“क्यों?”

“ये स्वागत किसका लिख रहा है? नीचे नाम ही नहीं है.”

“तो?”

“मतलब जो भी आए, उसका. कुर्सी ख़ाली है, फिर भी स्वागत. इससे बड़ा ताना पूरी तस्वीर में नहीं है.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“और जीभ देखिए. पूरी बारात को चिढ़ा रहा है.”

“अरे नहीं साब,” मांगीलाल मधेच बोलला, “वो तो पेंटर साब की...” मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं गिळलं.

“तो इसे भी मिटा दो,” साहेब म्हणाले.

हे ऐकून मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर माझ्यावर पहिला आक्षेप आला होता. आणि एकदा तोंड सुटल्यावर मला थांबता येईना. मी उठून पडद्याजवळ गेलो आणि साहेबांना एकेक माणूस समजावून सांगू लागलो. घोडी दात दाखवते आहे, म्हणजे तीही हसते आहे. तिसऱ्या बँडवाल्याचे गाल तुमच्या बड़े बाबूंसारखे आहेत. गुलाबपाणी शिंपडणाऱ्याचं तोंड नळाकडे नाही हे पाहा. ज्या बाईची बादली सगळ्यात मोठी आहे ती सगळ्यात शेवटी उभी आहे. बाळूच्या कामाचं एवढं कौतुक मी जन्मात केलं नव्हतं, आणि तेही तक्रारीच्या स्वरात.

साहेब खाली बसले. “फिर बचा क्या?”

“किनार, साहब. बॉर्डर पे कोई आपत्ति नहीं. बेल-बूटे हैं.”

साहेब स्वतः उठले, पडद्याच्या कडेला नाक लावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, “ये बेल-बूटे नहीं हैं. ये छोटी-छोटी कुर्सियाँ हैं.”

ते मलाही दिसलं नव्हतं.

 मग साहेबांनी निर्णय घेतला. कापडच आक्षेपार्ह असेल तर रंगवणार कशावर? पडदा खराब झाला आहे असं दाखवायचं आणि दुरुस्तीसाठी कारागिराकडे परत पाठवायचा. दुरुस्तीला किती दिवस लागतात ते कारागिराच्या हातात. “उतारो और ले जाओ इसे,” ते मला म्हणाले. “तुम्हारा ही कुछ लगता है न?”

लोक नंतर म्हणाले, विनूभाऊंनी काय डोकं चालवलं, भावाचं काम वाचवलं. सुनंदाने त्या दिवशी श्रीखंड केलं. मी श्रीखंड खाल्लं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात ना पडदा होता ना बाळू. मला एवढंच हवं होतं की सगळ्यांना पुसताय तर मलाही पुसा.

पडद्याची वळकटी स्कूटरवर आडवी बांधून मी भैरवगढ़ला गेलो. बाळू दारातच होता. त्याने मला पाणीही विचारलं नाही. वळकटी अंगणात उलगडली, गुडघ्यांवर बसून चारही बाजूंनी हात फिरवला, मग मधे.

“रंग नाही लागला?”

“नाही.”

तो तिथेच मांडी घालून बसला. चेहरा दुसरीकडे केला. मी जरा वेळ तुळशीकडे पाहिलं. मग मला राहवलं नाही.

“तू मला घातलंस त्यात.”

“घातलं.”

“विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर तू नवा कुर्ता घालून उभा राहिला असतास.”

“आणि जीभ?”

“जीभ तुझीच आहे, विनूदादा.” तो वळला. डोळे लाल होते, पण हसत होता. “नीट बघ. सगळ्या चित्रात काम करणारा माणूस एकच आहे.”

मी नीट पाहिलं. नाचणारे, वाजवणारे, वाट पाहणारे. खरंच काम करणारा एकच होता. ह्यावर काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं.

“‘स’ची गाठ ढिली आहे,” मी म्हटलं.

“असू दे. तुझ्यासारखी मला येत नाही,” बाळू म्हणाला. हे वाक्य मी तीस वर्षं ऐकायला टपलो होतो. ते असं अंगणात, धुळीत बसून मिळेल असं वाटलं नव्हतं. घरी जाईपर्यंत मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, आणि सिग्नलवर लक्षात आलं की समोरच्याने हरल्यावर असं म्हणावं, जिंकल्यावर म्हटलं तर आपल्याला त्याचा काही उपयोग नाही.

बाळूला कारखान्याने परत घेतलं नाही. तो आता घरीच छोटी कामं घेतो. पडदा अजून दुरुस्तीत आहे. तो पाहायला लोक येतात. मी तिथे असलो तर त्यांना सांगतो, खुर्ची राहू द्या, आधी कोपरा बघा.

सभागृहाची भिंत रिकामी झाली. जिथे पडदा होता तिथला चुना कोरा राहिलेला, बाकीची भिंत मळकी, त्यामुळे पडदा नसूनही त्याचा चौकोन दिसायचा. साहेबांनी पुन्हा मला बोलावलं. त्या चौकोनात मोठ्या अक्षरात ‘सुस्वागतम्’ लिहा. नाव नको, फक्त सुस्वागतम्.

धंदा आहे, मी हो म्हटलं. सकाळपासून लागलो, पण अक्षरं मोठी, भिंत ओलसर, काम लांबलं. तेवढ्यात जनसुनवाईची वेळ झाली. साहेब म्हणाले, चालू द्या तुमचं, आवाज करू नका. लोक येऊन समोर बसले. पदाधिकारी बाजूच्या दारातून येऊन मंचावर बसले, भिंतीकडे पाठ करून. त्यांच्या डोक्यावर मी, शिडीवर, कानावर एक ब्रश, हातात दुसरा, उजवा पाय दुमडलेला. अक्षरं झाली होती. श्वास रोखून मी शिरोरेषा ओढायला घेतली.

मागून आधी एक बाई हसली. मग तिच्या शेजारचा. मग ते हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं. बादल्या धरून उभे राहणारेच लोक होते ते, पडदा त्यांनी महिनोन्महिने पाहिलेला. मंचावर कुणालातरी वाटलं आपण काही विनोदी बोललो, तेही हसले. माझ्या हाताखाली रेषा सरळ चालली होती. मला वाटलं, झालं, आज माझं काम कुणीतरी पाहिलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “अरे, ये तो बालू भाई की तस्वीर वाला है.”

मी जीभ आत घेतली. अर्धी रेषा अजून व्हायची होती. थोडा विचार केला आणि जीभ पुन्हा बाहेर काढली.